आकड्याची कड

८ जानेवारी, गुरुवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि वाटलं, तू म्हणशील, तुझे आशीर्वाद तुझ्याजवळच ठेव. म्हणून तेवढी जागा कोरी सोडतो. तुला हवं ते भरून घे, शिवी चालेल.

बंदूक घेऊन गेलीस त्याला सव्वा महिना झाला. तू भांडून गेलीस की पंधरा दिवसांत तुझा फोन येतो हा आजवरचा शिरस्ता. या वेळी मीच केला, तर माझं ‘हॅलो’ ऐकून तू ठेवून दिलास. ठीक आहे. बाबांनी जाताना ती छर्‍याची बंदूक तुला दिली होती, ‘आहे तशी’ दिली होती, आणि तू न्यायला आलीस तेव्हा ती माझ्या टेबलावर वर्तमानपत्रावर सुटी होऊन पडली होती. नळी एकीकडे, स्प्रिंग एकीकडे, चाप एकीकडे. तुझा पारा चढणारच. ‘तू हात लावलास की वस्तू तुझी होते, बाबांची राहत नाही,’ असं म्हणालीस. मग छातीशी हात बांधून समोर उभी राहिलीस आणि ‘आत्ताच्या आत्ता जोड’ म्हणालीस. मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, पण असा सुपरवायझर बघितला नाही.

मी वाईट काय केलं सांग. स्प्रिंग जुनी होऊन वाकली होती, ती बदलली. बार सुटल्यावर ती आत झणझणायची, कानाशी भांडं पडल्यासारखी, म्हणून तिच्या पोटात बसेल असा दांडा लेथवर कातून घातला. पिस्टनच्या तोंडचं चामड्याचं वायसर वाळून पापड झालं होतं, ते नवीन कापलं. चाप जरा हलका केला. बाबांचा चाप ओढायचा म्हणजे विहिरीतून पोहरा ओढण्यासारखं होतं, तू दर वेळी उजवीकडे चुकायचीस ते त्यामुळेच. आता आवाज कसा येतो? ‘ठप्’ एवढाच ना?

विचारायचं ते वेगळंच होतं. तू ती चालवतेस की भिंतीला टांगलीस? टांगली असशील तर फार उत्तम. जुन्या वस्तूला विश्रांती मानवते. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल लाव, बोटभरच, आणि महिनाभर मुरू दे. तोवर हात लावू नकोस.

तुझे हात कसे आहेत? कोटाच्या कारखान्यात एवढ्या जाड थानांतून कात्री चालवायची म्हणजे काही खायचं काम नाही. बाकीच्या बायका काजंबटणं करतात आणि माझी बहीण कटिंग मास्टर, हे मी इथे सगळ्यांना ऐकवतो. हातांची काळजी घे. वहिनीचा गुडघा बरा आहे.

दादा


३० जानेवारी, शुक्रवार

ठमे,

उत्तर नाही. बरं.

तुला हसू येईल, मी भंगारवाल्याकडून अगदी तशीच दुसरी बंदूक आणली आहे. दस्ता कुजलेला, नळी गंजलेली, पण आतलं सगळं शाबूत. दस्ता काढला आणि बंदूक व्हाइसमध्ये आवळली. आपल्या बंदुकीत जे जे केलं ते ते सगळं हिच्यातही केलं. आता रोज चाळीस वेळा नळी मोडतो, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवतो, थांबतो, मिटवतो आणि बार काढतो. भिंतीवर खडूने रेघ ओढतो. का, असं विचारू नकोस. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं समज. तुझी वहिनी म्हणते, ‘रिटायर झाल्यावर लोक देवाचं करतात, तुम्ही ठकठक करता.’ भिंतीवर आज एकशे साठ रेघा आहेत.

परवा बाजारात साडेतीन भेटला. तुला तो आठवणार नाही. आमच्याकडे प्रेसवर होता, एकदा साचा वेळेआधी खाली आला आणि डाव्या हाताचं दीड बोट गेलं. पुढच्या महिन्यात तो कामावर आला तेव्हा मीच त्याला साडेतीन म्हणालो होतो. सगळे हसले, तोही हसला, आणि तेच नाव पडलं. परवा तो टोमॅटो निवडत होता. उचललेला टोमॅटो त्या हातातून निसटायचा, तो परत उचलायचा, परत निसटायचा. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काय मायक्रॉन, ओळख विसरलास?’ माझं माप केसभरही चुकत नाही म्हणून कारखान्यात मला पडलेलं नाव. मला तिथे उभं राहवेना. पिशवी तशीच ठेवून घरी आलो, वहिनीने भाजीबद्दल विचारलं तर तिच्यावर खेकसलो.

तेव्हापासून एक खोड लागली आहे. समोर कोणी आलं की तोंडाआधी हात बघतो. दूधवाल्याचे, कंडक्टरचे, शेजारणीचे. सगळ्यांना दहाच्या दहा आहेत. जगात इतकी बोटं शाबूत आहेत हे मी आजवर कधी मोजलंच नव्हतं.

ठमे, मुद्द्याचं ऐक. स्प्रिंगला मी जे ग्रीस भरलंय ते दाट आहे. त्याला मुरायला तीन महिने लागतात. तोवर बंदूक चालवू नकोस. मोडूनही बघू नकोस. एप्रिलमध्ये मी येईन, एकदा उघडून बघेन आणि मग खुशाल चालव. एवढं माझं ऐकलंस तर आयुष्यात पुन्हा काही ऐकवणार नाही.

दादा


१७ फेब्रुवारी, मंगळवार

ठमे,

आज मी तुमच्या गावी येऊन गेलो. तुझ्याकडे नाही, मेव्हण्यांच्या चष्म्याच्या दुकानात.

बसमध्ये चार तास वाक्य पाठ करत होतो. ‘मेव्हणे, बंदूक तिच्या हातातून काढून घ्या.’ सोपं वाक्य आहे, पोरसुद्धा म्हणेल. दुकानात शिरलो. ते ‘अरे वा, या या’ म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर ‘जरा डोळे तपासून घ्यावे म्हटलं.’ मग काय, बसवलं त्यांनी खुर्चीत. नाकावर ती लोखंडी फ्रेम चढवली, एकामागून एक भिंगं घातली. ‘हे स्पष्ट की ते?’ मी म्हणतोय हे, ते, हे. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचतोय आणि ते पाठ केलेलं वाक्य तसंच राहतंय.

तुझी चौकशी मी सहज केल्यासारखी केली. ते खूश होऊन सांगायला लागले. ‘अहो, तिने क्लब लावलाय. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून एक खाडा नाही. दर रविवारी साठ छर्रे. काय नेम बसतो हल्ली! म्हणते, बंदुकीचा चाप लोण्यासारखा झालाय.’ मग आवाज खाली घेऊन म्हणाले, ‘दादा, रागावू नका, पण तुमची पत्रं तिने फोडलेली नाहीत. आली की तशीच टेबलाच्या खणात टाकते. मी म्हटलं, निदान वाच तरी. तर म्हणे, त्यात उपदेशच असणार.’

मी म्हटलं, ‘जाऊ द्या, तिचा स्वभावच तसा.’ नंबर काही बदललेला नव्हता. मी उठलो आणि परतीची बस धरली.

म्हणजे हेही तू फोडणार नाहीस. मग आता लिहायला काय हरकत आहे? न वाचणाऱ्याला सगळं सांगता येतं. मला हे आता, तीन पानं भरल्यावर, सुचतंय.

तर सांगतो. बंदुकीत एक लहानसा आकडा असतो, नखाएवढा. नळी मोडली की स्प्रिंग दाबली जाते आणि तो आकडा तिला अडवून धरतो. चाप ओढला की आकडा सरकतो आणि स्प्रिंग सुटते. बाबांचा चाप जड होता कारण आकड्याची कड खोल अडकत होती. मी ती कड घासून कमी केली, कानशीने. तू उजवीकडे चुकू नयेस म्हणून. आईशप्पथ, म्हणूनच.

पण त्या आकड्याला फक्त वरवर पाणी दिलेलं असतं. कडक थर असतो तो कांद्याच्या सालीएवढा, आत मऊ लोखंड. ती साल घासून गेली की आकडा दिसतो तसाच, धरतोही तसाच, पण रोज थोडा थोडा झिजत जातो. मला हे नंतर कळलं, भंगारातल्या बंदुकीवर चाचणी घेतली तेव्हा. तिचाही आकडा मी तेवढाच घासला होता. नळी मोडली की छर्रा भरायच्या जागी मी दर वेळी एक पेन्सिल ठेवायचो. सातशे नऊ वेळा काही झालं नाही. सातशे दहाव्या वेळी चापाला कोणी हात लावला नव्हता. आकडा आपोआप सुटला, स्प्रिंगने नळी खाडकन मिटवली आणि पेन्सिलीचे दोन तुकडे झाले. स्वयंपाकघरातून वहिनी धावत आली. ‘काय पडलं?’ मी म्हटलं, काही नाही.

ठमे, छर्रा तू पेन्सिलीने भरत नाहीस. अंगठ्याने भरतेस.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून परवापर्यंत अकरा रविवार झाले. अकरा गुणिले साठ, सहाशे साठ. बसमध्ये मी हा गुणाकार किती वेळा केला ते विचारू नकोस, उत्तर तेच येतं. पन्नास उरले. एका रविवारचेही नाहीत.

मला भीती वाटते. बाबा गेले तेव्हा वाटली नव्हती इतकी वाटते. उद्या सकाळी पहिल्या टपालात टाकतो.

दादा


१९ फेब्रुवारी, गुरुवार
(उघडं कार्ड)

ठमे, हे कार्ड आहे, फोडावं लागणार नाही. पोस्टमन वाचेल, तुझे शेजारी वाचतील, वाचू देत.

बंदूक मोडू नकोस. छर्रा भरू नकोस. नळीच्या तोंडात बोट घालू नकोस. आकडा मी खराब केला आहे. नळी आपोआप मिटेल.

चूक माझी आहे. मायक्रॉन म्हणवणाऱ्या माणसाची.

दादा


९ मार्च, सोमवार

ठमे,

तुझं पत्र शनिवारी आलं. पाकिटावर तुझंच अक्षर बघून आधी हायसं वाटलं, कारण लिहायचा हात तरी शाबूत होता. मग फोडलं. वहिनी ‘काय लिहिलंय?’ म्हणून मागे उभी होती, तिला वाचून दाखवायला घेतलं, दुसऱ्या ओळीपर्यंतच पोचलो. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र वाढते.

तुझं पत्र मला आता पाठ आहे. तुझेच शब्द तुला लिहितो, म्हणजे मी एकही ओळ गाळून वाचली नाही हे तुला कळेल.

‘दादा, तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. त्याच्या आधीच्या रविवारी एकोणिसाव्या छर्‍याला नळी मिटली. डाव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. डॉक्टरांनी जोडून बघितलं, धरलं नाही. दुखतं, पण ते जाईल. कापड डाव्या हाताने दाबून धरावं लागतं, ते जमेल की नाही ते महिन्याभराने कळेल. मालक म्हणाले, तोवर काजंबटणं करा.

‘दवाखान्यातून आल्यावर खण उघडला आणि तुझी सगळी पत्रं वाचली. पहिल्यात तू दस्त्याला तेल लावायला सांगतोस. दुसऱ्यात ग्रीस मुरू दे म्हणतोस. ग्रीस मुरतं का रे? ही दोन्ही मी आल्या आल्या वाचली असती तरी अंगठा गेलाच असता. तिसरं शनिवारी आलं होतं. ते मी न फोडता खणात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी क्लबात गेले. ते माझं. ते मी कुणाच्या माथी मारणार नाही. पहिली दोन तुझी.

‘तिसऱ्यात तू लिहितोस की तुला चाचणीनंतर कळलं. तसं असेल तर तू नुसता भित्रा आहेस, आणि भित्र्या भावाला मी आजवर सांभाळत आले आहे, पुढेही सांभाळेन. मला एवढंच लिहून पाठव. तुला कधी कळलं?’

दोन दिवस मी या प्रश्नासमोर बसून आहे. तू माझ्यासाठी दार उघडं ठेवलंस हे मला कळतं. ‘चाचणीनंतर’ एवढा एकच शब्द लिहायचा आणि आत यायचं. शनिवारी संध्याकाळी तो लिहिलाही होता. पत्र घडी करून पाकिटात घातलं होतं. मग ते फाडलं.

आधी एक दुसरी गोष्ट सांगतो, ती तुला कोणी सांगितली नसणार. कार्ड टाकलं त्या गुरुवारी मला कळत होतं की टपाल रविवारच्या आत पोचेलच असं नाही. मी मेव्हण्यांच्या दुकानात फोन केला. तिथली बाई म्हणाली, ‘साहेब भिंगं आणायला गेलेत, सोमवारी येतील. काही निरोप आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही, सहज केला होता.’ शुक्रवारी बसस्टँडवर गेलो. शनिवारीही गेलो. दोन्ही वेळा तुमच्या गावची बस समोर उभी होती, मी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो आणि नंबर आला तेव्हा बाजूला झालो. काय भीती होती विचारशील. तू दार उघडशील आणि मी जे बोलेन ते ऐकताना तुझा चेहरा कसा होईल, याची. तुझा अंगठा एकीकडे आणि तुझा चेहरा एकीकडे, आणि मी तीन दिवस चेहऱ्याला भीत बसलो.

आता तुझा प्रश्न.

पाणी दिलेल्या पोलादावर कानस लागत नाही. काचेवरून फिरवल्यासारखी ती नुसती घसरत जाते, हाताला काही जाणवत नाही. म्हणून आपण जोर देतो. मग एका क्षणी ती घसरायची थांबते आणि चावते. हाताला मऊ लागतं. हे कळायला चाचणी लागत नाही, पहिल्या वर्षाच्या शिकाऊ फिटरलाही कळतं. तू यायच्या तासभर आधी माझ्या हाताखाली कानस चावली. मी थांबलो. आकडा उजेडात धरला, चकाकणाऱ्या कडेच्या मधोमध ती मंद राखाडी रेघ बघितली. दुसरा आकडा करायला दोन दिवस लागले असते. तुला म्हणालो असतो, ठमे, माझ्याकडून बिघडला, दोन दिवस दे, तर तू दिले असतेस. शिव्या घालून दिले असतेस. मग तू आलीस आणि म्हणालीस की मी हात लावला की वस्तू बाबांची राहत नाही. त्याच मिनिटाला, त्याच टेबलाशी, तुझं बरोबर आहे असं मला म्हणता येईना. मी आकडा तेलाच्या फडक्याने पुसला आणि तू बघत असताना आत बसवला.

पुढचं तुला माहीतच आहे, पण मी ते एकाही पत्रात लिहिलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. तू बंदूक चादरीत गुंडाळून फाटकापर्यंत गेलीस आणि परत वळलीस. तुझा राग तोवर उतरला होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालीस, ‘दादा, खरं सांग हं. यात बिघडलेलं काही नाही ना?’

मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, ‘नाही.’

दादा